इंधन व पाण्याच्या मिश्रणावर चालणारे लहान इंजिन

इंधन व पाण्याच्या मिश्रणावर चालणारे लहान इंजिन म्हणजे पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल यांच्या जोडीने ठरावीक प्रमाणात पाणी किंवा वाफ घेता यावी, असे फेरबदल केलेले अंतर्ज्वलन इंजिन होय. पाण्याचे पंप, फवारणी यंत्रे, गवतकापणी यंत्रे आणि छोटे विद्युत जनित्र यांवरील एक सिलिंडरच्या इंजिनांवर असे प्रयोग विशेषत्वाने केले जातात. पाण्याच्या वापराने सिलिंडरमधील तापमान कमी होते, ठोका आटोक्यात येतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे उत्सर्जन घटते, हे परिणाम प्रयोगांनी सिद्ध झालेले आहेत. मात्र पाणी हे इंधन नाही. त्यामुळे इंजिन "पाण्यावर चालते" किंवा पाण्यामुळे इंधनाचा खर्च अनेक पटींनी कमी होतो, हे दावे मोजमापाच्या कसोटीवर टिकलेले नाहीत.

तत्त्व

पेट्रोलच्या ज्वलनातून दर किलोग्रॅमला सुमारे ४४ मेगाजूल उष्णता मिळते. पाणी हे हायड्रोजनच्या ज्वलनातूनच तयार होणारे संयुग असल्यामुळे ते पुन्हा जळू शकत नाही. १८ ग्रॅम पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन करण्यास सुमारे २८६ किलोजूल ऊर्जा लागते आणि त्या हायड्रोजनच्या ज्वलनातून पाणी परत तयार होताना तेवढीच ऊर्जा मिळते. प्रत्यक्ष यंत्रणेत प्रत्येक टप्प्यावर ऊर्जेचा काही भाग वाया जात असल्याने या व्यवहारात नेहमी तोटाच होतो.

इंजिनात पाण्याचे कार्य उष्णता शोषून घेण्याचे असते. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२५७ किलोजूल अप्रकट उष्मा लागतो. पेट्रोलला त्यासाठी सुमारे ३५० किलोजूल पुरतात. म्हणून पाण्याचा बारीक फवारा आत जाणाऱ्या मिश्रणाला व ज्वलनकक्षाला चटकन थंड करतो. ठिणगीने पेटवलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप पेटला, तर इंजिनात ठोके ऐकू येतात व दट्ट्याला इजा पोहोचते. मिश्रण थंड असल्यास हा धोका कमी होतो.

पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान वातावरणीय दाबाखाली सुमारे १,६०० पटींहून अधिक वाढते. ही वाफ दट्ट्या ढकलते आणि फुकटचे काम करून देते, असा समज त्यातून रूढ झाला आहे. परंतु वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ज्वलनवायूंकडूनच घेतली जाते व त्यामुळे त्या वायूंचा दाब घटतो. शिवाय पाणी वाफेच्याच रूपात इंजिनाबाहेर पडत असल्याने हा अप्रकट उष्मा परत मिळत नाही.

इतिहास

हंगेरीतील अभियंते दोनात बांकी यांनी १८९० च्या दशकात इंजिनात पाण्याचा फवारा देऊन संपीडन गुणोत्तर वाढविण्याचा प्रयोग केला. केंब्रिज येथील प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१३ मध्ये वायुइंजिने आतून पाण्याने थंड करण्याची पद्धत मांडली.

या कल्पनेचा पहिला व्यापक उपयोग शेतीच्या इंजिनांत झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पेट्रोलपेक्षा रॉकेल स्वस्त होते; परंतु रॉकेलचा ऑक्टेन अंक कमी असल्याने भार पडताच इंजिन ठोके देई. यावर उपाय म्हणून अ‍ॅडव्हान्स-रुमेली कंपनीचा ऑइलपुल, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा टायटन १०-२० अशा ट्रॅक्टरांत रॉकेलबरोबर पाणी सोडण्याची सोय केलेली होती. इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यानंतर रॉकेलवर घेतले जाई आणि नांगरटीचा भार वाढला की चालक पाण्याची झडप उघडत असे. भार कमी होताच ती बंद करावी लागे. पाण्यामुळे रॉकेलची बचत होण्यापेक्षा, जे स्वस्त रॉकेल एरवी वापरता आले नसते ते वापरता येणे, हा या व्यवस्थेचा खरा लाभ होता.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनांना थोड्या वेळापुरती जादा शक्ती देण्यासाठी पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण वापरले गेले. जर्मनीतील "एमडब्ल्यू ५०" या मिश्रणात सुमारे निम्मे मेथॅनॉल, जवळपास तितकेच पाणी आणि अल्प प्रमाणात गंजरोधक तेल असे. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी आर-२८०० या इंजिनातही पाण्याच्या फवाऱ्याची सोय होती. ठोका टळल्यामुळे इंजिनात अधिक दाबाने हवा भरता येई व त्या हवेबरोबर अधिक इंधन जाळता येई. शक्ती वाढे ती या जादा इंधनामुळे.

१९६२ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर या टर्बोचार्जरयुक्त मोटारीत पाणी व मेथॅनॉलच्या द्रावणाची स्वतंत्र टाकी दिली. अनेक मालक ती टाकी भरण्याची दक्षता घेत नसत व ही रचना लवकरच बंद पडली. पुढे २०१६ च्या सुमारास बीएमडब्ल्यू कंपनीने एम४ जीटीएस या मोटारीत पाण्याच्या फवाऱ्याचा वापर पुन्हा केला.

पद्धती

*पायस* – पाणी व तेल एकमेकांत विरघळत नाहीत. पायसकारी द्रव्य मिसळून जोराने घुसळल्यास पाण्याचे सूक्ष्म थेंब डिझेलमध्ये विखुरलेले राहतात. अशा पायसात साधारणतः १० ते २० टक्के पाणी असते. डिझेलचा उत्कलनबिंदू पाण्याच्या उत्कलनबिंदूहून बराच अधिक असल्यामुळे तप्त सिलिंडरमध्ये आतील पाण्याची आधी वाफ होते आणि इंधनाचा थेंब फुटून त्याचे आणखी बारीक कण होतात. यास सूक्ष्मस्फोट म्हणतात. डिझेल इंजिनात काजळी कमी करण्याच्या उपायांनी नायट्रोजनची ऑक्साइडे बहुधा वाढतात. पायसामुळे दोन्ही घटू शकतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. तथापि तेवढ्याच आकारमानाच्या पायसात डिझेल कमी असल्याने इंजिनाची कमाल शक्ती घटते.

*पाण्याचा फवारा* – वेगळ्या टाकीतून झडपेद्वारे पाणी अंतर्ग्रहण नळीत किंवा थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते. भारानुसार पाणी कमी-अधिक करता येत असल्याने ही पद्धत अधिक नियंत्रित आहे. मोठ्या सागरी डिझेल इंजिनांतही तिचा वापर झालेला आहे.

*निष्कास वायूने तापविलेली नळी* – या पद्धतीत हवा इंधन व पाणी यांच्या भांड्यातून बुडबुड्यांच्या रूपाने नेली जाते. तेथे तयार झालेली बाष्पे पोलादी दांडा बसविलेल्या अरुंद नळीतून इंजिनाकडे जातात आणि त्या नळीच्या बाहेरून उलट दिशेने तप्त निष्कास वायू वाहतो. अमेरिकेतील पॉल पँटोन यांना अशा रचनेसाठी १९९८ मध्ये पेटंट मिळाले. लहान इंजिनांसाठीचे तिचे आराखडे विनामूल्य प्रसृत झाल्याने ती हौशी प्रयोगकर्त्यांत लोकप्रिय झाली. फ्रान्समध्ये काही शेतकऱ्यांनी तिचे सुधारित रूप ट्रॅक्टरांवर बसविले. त्यात डिझेल नेहमीच्या मार्गानेच दिले जाते व फक्त वाफ या नळीतून जाते. पेटंट हे रचनेच्या नावीन्याबद्दल दिले जाते. दावा केलेली इंधनबचत त्यामुळे प्रमाणित होत नाही.

लहान इंजिनातील फेरबदल व त्यांच्या मर्यादा

एक सिलिंडरच्या चारधावी पेट्रोल इंजिनात फवाऱ्याची साधी व्यवस्था करताना पाण्याची छोटी टाकी, गाळणी, सूचीझडप आणि कार्बोरेटर व सिलिंडर यांच्यामधील नळीत बसविलेली बारीक तोटी एवढे भाग लागतात. इंजिन पुरेसे तापल्यावर आणि त्यावर भार असतानाच पाणी सोडले जाते. क्षारयुक्त पाण्याने तोटी बुजते व झडपांवर थर साचतो, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी वापरतात. इंजिन थांबविण्याच्या काही मिनिटे आधी पाणी बंद करून सिलिंडर कोरडा होऊ देणे आवश्यक असते.

एवढे करूनही अशा इंजिनाला लाभ अल्पच होतो. पाण्याच्या शीतलतेचा फायदा घेण्यासाठी संपीडन गुणोत्तर वाढविणे, ठिणगीची वेळ अलीकडे घेणे किंवा अधिक दाबाने हवा भरणे, यांपैकी काहीतरी करावे लागते. बहुतेक लहान इंजिनांत संपीडन गुणोत्तर मुळातच कमी असते, ठिणगीची वेळ गतिपालचक्रावरील चुंबकाने कायमची ठरलेली असते आणि टर्बोचार्जर नसतो. योग्य इंधनावर ती सहसा ठोकेही देत नाहीत. जो दोष इंजिनात नाही, त्यावरील उपायाने त्याची कार्यक्षमता वाढत नाही. उलट ज्वलन मंदावून शक्ती घटण्याचा संभव असतो.

तापविलेल्या नळीच्या बाबतीत वाफ व इंधन यांची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. अशी क्रिया उद्योगात खरोखर घडवून आणली जाते. तथापि त्यासाठी सामान्यतः ७०० ते ९०० अंश सेल्सियस तापमान व निकेलयुक्त उत्प्रेरक लागतो. लहान इंजिनाच्या निष्कास वायूचे तापमान बहुधा याहून कमी असते, साधा पोलादी दांडा तसा उत्प्रेरक नसतो आणि बाष्पे नळीतून क्षणार्धात निघून जातात.

"८० टक्के पाणी" हा दावा व त्याची तपासणी

चार भाग पाणी व एक भाग पेट्रोल भांड्यात घेऊन त्यावर इंजिन चालवून दाखविण्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. पेट्रोलची घनता पाण्यापेक्षा कमी असल्याने ते वर तरंगते. भांड्यातून हवा जाताना सहज उडणारे पेट्रोलचे हलके घटक प्रथम बाष्परूपात निघून जातात आणि पाणी बहुतांशी तसेच राहते. अशा वेळी इंजिन पेट्रोलच्याच बाष्पावर चालत असते. प्रयोगाच्या अखेरीस भांड्यात किती पाणी शिल्लक राहिले, हे मोजल्याखेरीज पाणी "वापरले गेले" असे म्हणता येत नाही.

दुसरी त्रुटी भाराची असते. बिनभाराचे इंजिन अत्यल्प इंधनावर फिरते. शिवाय मूळ कार्बोरेटर जादा पेट्रोल देत असेल, तर केवळ मिश्रण विरळ झाल्यानेही खर्च कमी झालेला दिसतो. त्याचे श्रेय पाण्याला देता येत नाही.

खरी तपासणी साध्या गणिताने करता येते. २०० मिलिलिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे १४८ ग्रॅम व त्यातील ऊर्जा सुमारे ६.५ मेगाजूल असते. इंजिन व जनित्र यांची एकत्रित कार्यक्षमता २० टक्के धरल्यास त्यातून १.३ मेगाजूल उपयुक्त काम मिळते. म्हणजेच १ किलोवॉटचा भार २१ ते २२ मिनिटे चालतो. त्याच पेट्रोलात ८०० मिलिलिटर पाणी घालून तोच भार याहून बराच अधिक काळ चालला, तरच दाव्याचा विचार करता येईल. तोच भार, तेवढीच फेरेसंख्या आणि पाण्यासह व पाण्याविना अनेक वेळा घेतलेली नोंद, या या तपासणीच्या किमान अटी होत.

फसवणुकीची प्रकरणे

अमेरिकेतील स्टॅन्ली मेयर यांनी आपली मोटार पाण्यावर चालत असल्याचा दावा केला होता. त्यांच्याकडे पैसे गुंतविलेल्या दोघांनी दाद मागितल्यावर १९९६ मध्ये ओहायो राज्यातील न्यायालयाने हा प्रकार फसवणुकीचा ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी भारतात तमिळनाडूतील रामर पिल्लै यांनी वनस्पतीची पाने व पाणी उकळून इंधन तयार होत असल्याचा दावा केल्याने देशभर खळबळ उडाली. शास्त्रज्ञांच्या तपासणीत दावा टिकला नाही. पुढे त्यांच्यावर फसवणुकीचा खटला चालून २०१६ मध्ये चेन्नईतील न्यायालयाने त्यांना ३ वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. इंधनाचा खर्च ज्यांना जड जातो, तोच वर्ग अशा दाव्यांकडे प्रथम ओढला जातो.

दुष्परिणाम व धोके

पाण्याचे प्रमाण अधिक झाल्यास ते दट्ट्याच्या कड्यांमधून खाली उतरून वंगणतेलात मिसळते. तेल दुधाळ दिसू लागणे ही त्याची खूण होय. असे तेल वंगणाचे काम नीट करीत नाही. सिलिंडर, झडपा व कार्बोरेटर गंजतात. बंद इंजिनात पाणी साचले व ते तसेच सुरू केले, तर पाणी दबत नसल्यामुळे दट्ट्यादांडा वाकू शकतो. पेट्रोलच्या बाष्पाने भरलेले भांडे तप्त निष्कास नळीशेजारी ठेवणे आगीच्या व स्फोटाच्या दृष्टीने धोकादायक असते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. इथेनॉल पाणी शोषून घेते. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी गेल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. अशा पेट्रोलवर इंजिन सुरू होत नाही किंवा अडखळत चालते. त्यामुळे पावसाळ्यात टाकीत शिरलेले पाणी आणि नियंत्रित रीतीने दिलेला पाण्याचा फवारा या दोन गोष्टी पूर्णपणे भिन्न मानल्या पाहिजेत.

हेही पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* ऑक्टेन अंक
* पायस
* अप्रकट उष्मा
* ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम