गुलबर्ग्याचा संन्यासी खासदार

संन्याशाने मठात बसावे, निवडणुकीच्या फंदात पडू नये, असे आपल्याकडे सर्वसाधारण मत आहे. पण १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याच्या मतदारांनी एका मराठी संन्याशाला लोकसभेवर निवडून दिले. उद्यान एक्स्प्रेसने सोलापूर-पुण्याकडे जाताना आपण बंगळूरकर मंडळी हे स्टेशन (आताचे कलबुर्गी) नेहमी ओलांडतो. त्या संन्याशाचे, स्वामी रामानंद तीर्थ यांचे, स्मरण म्हणूनच या स्मरणिकेत करावेसे वाटले.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. म्हणजे भाषा मराठी आणि माती कानडी, आपल्यातल्या अनेकांसारखीच. सोलापूरला शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्या दिवशी या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिक्षण, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम, मग हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षकी. वेदान्ती स्वामी रामतीर्थांच्या परंपरेत त्यांनी संन्यास घेतला, पण शाळा आणि समाज सोडला नाही.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी, तर कारभाराची भाषा उर्दू. सभा-संघटनेवर कडक निर्बंध होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी हैदराबादेतून गांधीजींनी त्यांचीच निवड केली.

त्यांच्या अहिंसेची खरी कसोटी लागली ती १९४७-४८ मध्ये. स्टेट काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. भारतात सामील होण्याची मागणी करीत त्यांनी तिरंगा फडकविला आणि अटक पत्करली. इकडे रझाकारांचा अत्याचार वाढला आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतून त्यांच्याच संघटनेच्या तरुणांनी बंदुका हाती घेतल्या. अध्यक्ष गांधीमार्गी आणि कार्यकर्ते सशस्त्र, असा तो पेच होता. अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेही भारतीय सैन्य आल्यावर. आदरापोटी हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. अहिंसा मानणारा माणूस सार्वजनिक कामात उतरला की असे प्रसंग येणारच, हे त्यातून कळते.

लढ्याचा नेता म्हणून मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे येईल, असे कोणालाही वाटले असते. १९५२ मध्ये ते बी. रामकृष्ण राव यांच्याकडे गेले. पक्षात गट होते, मतभेद होते. स्वामीजी मात्र लोकसभेत गेले आणि तेथे राहून त्यांनी आग्रह धरला तो हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन करण्याचा. ज्या राज्यात आपले सारे राजकीय वजन, तेच राज्य मोडा म्हणणारा पुढारी विरळाच!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी तसेच झाले. गुलबर्गा, रायचूर, बिदर हा कानडी भाग म्हैसूर राज्यात आला, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात. स्वामीजींचा मतदारसंघ आता दुसऱ्या राज्यात होता. १९५७ मध्ये ते औरंगाबादहून निवडून आले.

२२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव स्वतःला त्यांचे शिष्य मानीत. शिष्य तेलुगू, गुरू मराठी, आणि गुरूला पहिल्यांदा लोकसभेत पाठविणारा मतदारसंघ कानडी मुलखातला!

स्वामीजींनी मते मागितली, पण सत्तेला चिकटून राहण्यासाठी नव्हे. कानडी माणसाला कानडीत कारभार मिळावा, म्हणून हा मराठी खासदार झटला. कर्नाटकात राहून मराठी उत्सव साजरा करणाऱ्या आपण सर्वांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.