अजिंठ्याच्या नकला आणि घरांतील छायाचित्रें

जुनी वस्तु जपून ठेवावी असें सर्वच म्हणतात. परंतु जपणें म्हणजे नेमकें काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. वस्तु सुरक्षित जागीं ठेविली, तिच्यावर पहारा बसविला, कीं आपलें कर्तव्य संपलें, असा सामान्य समज आहे. तो कितपत खरा आहे हें पाहावयाचें असल्यास अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचा इतिहास वाचावा. तोच आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

१८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानें वाघूर नदीच्या खोऱ्यांत गेला असतां हीं लेणीं त्याच्या दृष्टीस पडलीं. भिंतींवरील चित्रें तेव्हांच ओल, वटवाघळें आणि माणसें या तिघांच्या तावडींत सांपडलेलीं होतीं. म्हणून १८४४ सालीं कंपनी सरकारनें रॉबर्ट गिल या लष्करी गृहस्थास त्यांच्या नकला काढण्याच्या कामीं नेमिलें. गिलसाहेबानें वर्षानुवर्षें त्या रानांत राहून तैलरंगांत मोठमोठ्या नकला तयार केल्या व विलायतेस पाठविल्या. तेथें त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडण्यांत आल्या. १८६६ च्या डिसेंबरांत त्या इमारतीस आग लागली आणि त्या परिश्रमाचें बहुतेक सारें फळ भस्मसात् झालें. गिलसाहेब १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

पुढें मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढें नांवारूपास आलेले चित्रकार त्यांत होते. काम १८८५ पर्यंत चाललें. आणि त्याच सालीं लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथें लागलेल्या आगींत यांपैकींहि पुष्कळ नकला नाहींशा झाल्या. एकाच वस्तूवर दोनदां अग्नीचा घाला पडावा, हें दैवाचें विचित्रपण खरें. पण सगळा दोष दैवावर घालून चालणार नाहीं. ज्या नकलेची दुसरी प्रत नाहीं, ती कितीहि भव्य प्रासादांत ठेविली तरी एका ठिणगीची धनी असते.

मग वांचलें काय? गिलसाहेबानें कुंचल्याबरोबर छायाचित्रणाचें यंत्रहि हातीं धरिलें होतें. त्यानें टिपलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें जेम्स फर्ग्युसन यांनीं १८६४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ सालीं निघाले. या पुस्तकांच्या प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांतून पसरल्यामुळें एका आगीनें त्यांचा निकाल लागला नाहीं. त्यानंतर निजामच्या राज्यांत गुलाम याजदानी यांनीं १९३० ते १९५५ या काळांत रंगीत छायाचित्रांसह चार भाग प्रसिद्ध केले. तात्पर्य, जें अनेकांच्या हातीं गेलें तें टिकलें.

अर्थात् प्रसाराचाहि अतिरेक होतो. नक्कल काढतांना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर रोगण चढविण्यांत आलें. तें पुढें पिवळें पडलें आणि मूळ रंग त्याखालीं झांकोळले. म्हणून मुळास हात न लावतां त्याची ओळख सर्वत्र पोंचविणें, हेंच वस्तुसंग्रहालयाचें खरें काम होय.

हाच न्याय आपल्या घरासहि लागू आहे. मुंबईंत छायाचित्रण मंडळी १८५४ सालीं स्थापन झाली, व डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. म्हणजे ही कला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. पण माळ्यावरच्या पेटींतील किती चित्रांच्या पाठीवर नांव लिहिलेलें असतें? चेहरा ओळखणारें शेवटचें माणूस गेलें कीं तें चित्र मुकें होतें, आणि मुक्या चित्रास रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं. त्या लुगड्याची नेसण, तो पगडीचा घाट, ती वाड्याची ओसरी कोणत्या गांवची, कोणत्या सालची, हें मग कोणासहि सांगतां येत नाहीं. आज आपल्या खिशांतील भ्रमणध्वनींत शेंकडों चित्रें असतात. त्यांची गत याहून निराळी होईल असें मानण्यास कारण दिसत नाहीं.

उपाय फार खर्चाचा नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांजवळ बसून प्रत्येक चित्रांतील नांव, नातें, गांव आणि साल विचारून घ्यावें. तें चित्राच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीनें हलकेंच लिहावें, कारण शाई कागदांत उतरते. चित्रें ओलीपासून व उन्हापासून दूर ठेवावीं. मुळाची प्रत काढून ती भावंडांत वांटावी. आणि चित्रांत गांवाचा, धंद्याचा वा एखाद्या संस्थेचा कांहीं पुरावा असेल, तर एक प्रत माहितीसह जवळच्या संग्रहालयास द्यावी. सरकार लेण्यांची राखण करील. पण आपल्या आजीचें नांव चित्रामागें लिहिण्यास सरकार येणार नाहीं. तें काम आपलें आहे, आणि तिला ओळखणारें कोणी घरांत आहे तोंवरच तें होण्यासारखें आहे.