चकाकीआडची चित्रे

अजिंठ्याची लेणी पूर्वी हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत होती. निजाम सरकारचे पुरातत्त्व खाते १९१४ साली स्थापन झाले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. भित्तिचित्रांचे पापुद्रे सुटत असल्याचे पाहून सरकारने १९२० साली इटलीहून चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन जाणकारांना पाचारण केले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, हे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. त्याआधी नकला करताना ग्रिफिथ्स यांच्या चमूनेही वार्निश वापरले होते. हे थर पुढे पिवळे पडले आणि तिरप्या उजेडात चकाकू लागले. ते उतरवण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची वर्षे खर्ची पडली.

ही चकाकी छायाचित्रकाराची वैरीण. पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची कंपने बव्हंशी एकाच दिशेची होतात, हे फ्रान्सच्या मालूस याने १८०८ साली खिडकीच्या काचेवरचा सूर्य स्फटिकातून न्याहाळताना हेरले. हा प्रकाश कोणत्या कोनात पुरता एकदिश होतो, तो नियम ब्रूस्टरने १८१५ मध्ये मांडला. साध्या काचेसाठी हा कोन लंबापासून सुमारे ५६ अंश. मात्र तो गाळून टाकणारा स्वस्त पडदा मिळायला अमेरिकेच्या एडविन लँडची वाट पाहावी लागली. त्याने १९२९ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३० च्या दशकाच्या मध्यास कोडॅकमार्फत त्याचे फिल्टर बाजारात आले. याझदानींच्या ‘अजंता’ ग्रंथाचे पहिले दोन भाग १९३० व १९३३ मध्ये निघून गेले होते. ज्या काळात चित्रे नव्या रोगणाने झळकत होती, त्याच काळात हे साधन हाताशी नसावे, याची आम्हांस नेहमी हळहळ वाटते.

आता घरचा विषय. बरकतपुऱ्यातील जुनी घरे जाऊन तेथे सदनिकांचे मजले उभे राहत आहेत. दिवाणखान्यातील तसबिरी उतरतात, कपाटांमागे जातात. राजा दीनदयाळ यांनी १८८६ च्या सुमारास सिकंदराबादेत चित्रशाळा उघडली, तेव्हापासून या शहरास फोटो काढवून घेण्याचा नाद आहे. पणजोबांची पगडी आणि पणजीची नथ यांचा एकमेव पुरावा कित्येक घरांत अशा एखाद्या तसबिरीतच उरला आहे. नातवंडे मोबाईलने त्याची प्रत काढतात आणि त्यात पणजोबांच्या जागी खिडकी उमटते. रंग फिके पडले तर संगणकावर गडद करता येतात. चकाकीखाली गेलेला चेहरा मात्र संगणकाला ठाऊकच नसतो.

म्हणून ध्रुवण फिल्टर घ्यावा, पण पारखून. रेखीय आणि वर्तुळाकार असे याचे दोन प्रकार आहेत. भिंगातून आलेला उजेड आतल्या अर्धपारदर्शक आरशाने दुभागून मोजणारे कॅमेरे आल्यावर रेखीय फिल्टरने त्यांचे माप चुकू लागले, म्हणून वर्तुळाकार आला. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांना सहसा रेखीयही चालतो; तरी दुकानदार देईल ते ‘वर्तुळाकार’च असेल असे नाही. त्याची लेन्सवर बसणारी बाजू आरशाकडे धरून फिल्टरमधूनच आरशातील फिल्टरकडे पाहावे. तो काळा दिसला आणि उलटा धरताच उजळला, तर माल खरा. रेखीय दोन्ही बाजूंनी उजळच राहतो.

होया असो वा बी प्लस डब्ल्यू, नावापेक्षा काचेचा रंग पाहावा. पांढऱ्या कागदावर धरल्यास ती निव्वळ करडी दिसावी. पिवळट वा हिरवट झाक असेल तर परत द्यावी. बहुस्तरीय लेप हवाच, नाहीतर एक चकाकी घालवताना फिल्टर दुसरी आणतो. पितळी कडे ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते. पातळ कड्यासाठी जास्तीचे पैसे केवळ रुंद कोनाच्या भिंगावर खर्चावेत. सर्वांत मोठ्या भिंगाच्या मापाचा एकच चांगला फिल्टर आणि जोडकडी घेतली की काम भागते. स्वस्तात मिळणारे जुने फिल्टर टाळावेत; उष्णतेने आणि दमटपणाने आतील पापुद्रा फिका पडतो.

फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो. त्यामुळे अजिंठ्याच्या अंधारात तो हातात धरलेल्या कॅमेऱ्यावर फारसा उपयोगी नाही, आणि फ्लॅशला तेथे बंदीच आहे. तसबिरीसमोर अगदी सरळ उभे राहिल्यास काचेत आपलेच प्रतिबिंब पडते. ते फिल्टर कितीही फिरवला तरी जात नाही. तेथे कॅमेऱ्यामागे काळे कापडच हवे. खिडकीची तिरपी झळाळी मात्र हळूहळू फिरवताच विरते.

चौकट उघडून फोटो बाहेर काढावा हा मोह साहजिक आहे. पण दमट हवेत जुना फोटो काचेला चिकटलेला असू शकतो आणि ओढताच चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. चौकट तशीच ठेवून, पडद्याआडच्या उजेडात, आधी प्रत काढावी. बाकीचे नंतर.