वाळूतला हत्ती

अबू धाबीतल्या आमच्या मराठी वर्गात सहा ते आठ वर्षांची मुले येतात. एकदा मी त्यांना आपण राहतो त्या प्रदेशाचे चित्र काढायला सांगितले. बहुतेकांनी उंच इमारती आणि समुद्र काढला. एका मुलीने मात्र वाळूत हत्ती काढला. ‘‘इथे हत्ती नसतात गं,’’ असे म्हणून मी ते चित्र बाजूला ठेवले. ‘‘आता नाहीत, पण पूर्वी होते. बाबांनी मला त्यांची पावलं दाखवलीत,’’ ती म्हणाली. वर्ग हसला, मीही हसलो. घरी येऊन वाचायला बसलो आणि ओशाळलो.

अबू धाबीच्या पश्चिमेला अल धफ्रा प्रदेशात म्लेइसा नावाचे ठिकाण आहे. तिथल्या कठीण झालेल्या जमिनीवर सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीची हत्तींची पावले उमटलेली आहेत. पतंगाला कॅमेरा बांधून संशोधकांनी वरून छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांचा अर्थ नीट उलगडला. 2012 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. निदान तेरा हत्तींचा कळप एका दिशेने गेला होता आणि एका मोठ्या, एकट्या नराची 260 मीटर लांब वाट त्या कळपाची वाट छेदून गेली होती. आजच्या हत्तींतही माद्या व पिल्ले कळपाने राहतात, मोठे नर वेगळे फिरतात. ही रीत इतकी जुनी! पावलांचे धनी बहुधा चार सुळ्यांचे ‘स्टेगोटेट्राबेलोडॉन’ असावेत.

त्या काळी इथे मोठी नदी वाहत होती. बैनुना नावाच्या खडकांत पाणघोडे, मगरी, जिराफ, शहामृग आणि तीन बोटांचे घोडे यांचे अवशेष सापडले आहेत. पीटर व्हायब्रो आणि अँड्र्यू हिल यांनी संपादित केलेला त्यांवरचा ग्रंथ 1999 साली निघाला.

पण 70 लाख वर्षे म्हणजे किती, हे लहान मुलांना सांगायचे कसे? पुढच्या आठवड्यात मुलांना कॉर्निशवर नेले. एक पाऊल म्हणजे एक लाख वर्षे. तीन पावलांत माणूस संपला! सत्तराव्या पावलाला म्लेइसाचे हत्ती भेटले. ‘‘आणि डायनासोर?’’ शेवटच्या डायनासोरांसाठी 660 पावले चालावी लागली. पाय दुखले, पण हत्ती आणि डायनासोर एकत्र हिंडत नव्हते, हे कुणाला पुन्हा सांगावे लागले नाही. त्या 660व्या पावलाच्या आसपासच आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा होऊन वाहत होता, हेही तिथेच सांगितले. परतताना गोदावरीचा हत्ती आठवला. नांदूर मधमेश्वरजवळ नदीच्या गाळात सापडलेल्या त्या प्राचीन हत्तीचे वर्णन पिलग्रिम यांनी 1905 साली केले होते. तो मात्र म्लेइसाच्या हत्तींपेक्षा पुष्कळच अलीकडचा.

आपली मुले ‘‘आम्ही कुठले?’’ असे विचारतात. आपण गावाचे नाव सांगतो. त्यांना ते उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते ठाऊक असते. आणि ज्या भूमीवर ती चालायला शिकली, ती व्हिसाच्या मुदतीपुरती. नोकरी संपली की आपण सामान बांधणार. मग इथले काही शिकवायचेच कशाला, असे मलाही वाटत असे. आता वाटत नाही. नांदूर मधमेश्वर आणि म्लेइसा, दोन्ही ठिकाणचे हत्ती त्यांना ओळखीचे असले, तर दोन्ही जमिनी थोड्या तरी त्यांच्या होतील.

त्या मुलीची मी वर्गासमोर क्षमा मागितली. तिचे चित्र आता भिंतीवर आहे. खाली तिनेच लिहिले आहे : ‘आमच्या इथला हत्ती, 70 पावले मागे.’