औदार्य : शब्द आणि संस्कार

‘औदार्य’ हे ‘उदार’ या विशेषणापासून सिद्ध झालेले भाववाचक नाम होय. ‘उदार’ या शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. एका मताने ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘ऋ’ म्हणजे जाणे. जे वर उठते ते उदार. दुसऱ्या मताने त्यात ‘रा’ म्हणजे देणे हा धातू आहे. अमरकोशाने ‘दाता’ आणि ‘महान’ असे दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. दंडीने ‘काव्यादर्शा’त उदारत्व हा काव्याचा गुण मानला आणि उदाहरण दिले ते दात्याचेच : ज्याच्याकडे याचकाने एकदा पाहिले की पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

जैन परिभाषेत हाच शब्द एका वेगळ्या वाटेने आला. ‘तत्त्वार्थसूत्रा’तील पाच शरीरांपैकी पहिले औदारिक, प्राकृतात ‘ओरालिय’. येथे ‘उदार’ म्हणजे स्थूल. मनुष्य आणि तिर्यंच यांचे हे शरीर. देवांचे वैक्रिय शरीर हवे ते रूप घेऊ शकते, परंतु देवांना संयम स्वीकारता येत नाही. त्याग आणि मोक्षाची साधना घडते ती या स्थूल, नाशवंत मानवी देहातच.

याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आहे. स्व-पराच्या कल्याणासाठी आपल्या मालकीच्या वस्तूचा त्याग म्हणजे दान. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांवरून त्याचे श्रेष्ठत्व ठरते. रकमेचा उल्लेख तेथे नाही. भगवान ऋषभदेव आहारासाठी विहार करीत असता लोकांनी हत्ती, घोडे, रत्ने पुढे केली. ती त्यांना नको होती. हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी उसाचा रस दिला आणि पारणे झाले. अक्षय तृतीया त्याचीच आठवण आहे. घेणाऱ्याची गरज ओळखणे, हे औदार्याचे पहिले लक्षण.

दुसरे लक्षण महाराष्ट्राने अलीकडच्या काळातच पाहिले. कुंभोज येथे १८८७ मध्ये एका जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या पोटाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही दिले. ते शिलकीतले देणे नव्हते.

दानफलकावर आकडे कोरले जातात आणि ते योग्यच आहे. पुढील पिढ्यांना त्यातून प्रेरणा मिळते. परंतु ‘औदार्य’ हा शब्द आकड्यांच्या पलीकडचे मोजतो : देताना देणाऱ्याचे मन किती वर उठले.