उत्कर्षाचे इनाम

आपल्या महाराष्ट्रात १९६९-७० पासून शिवछत्रपती पुरस्कार सिद्ध पराक्रमाला मिळतो. परंतु अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये १९८५-८६ साली जे इनाम सुरू झाले, त्यात खेळाडूच्या श्रेष्ठत्वापेक्षा गतवर्षापासूनच्या त्याच्या उत्कर्षाचीच दखल घेतली जाते. पहिला मानकरी अल्विन रॉबर्टसन सामन्यामागे सरासरी ९.२ गुणांवरून १७ गुणांवर पोहोचला होता. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील उदयोन्मुख मुलांच्या परिश्रमांस अशी सनद मिळावी, असे मला मनापासून वाटते. २०२२-२३ पासून त्या अमेरिकी इनामाच्या चषकास ज्या बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन यांचे नाव आहे, त्या उंच, चष्मा लावणाऱ्या, अवघडलेल्या तरुणास प्रशिक्षक रे मेयर यांनी दोरीवरच्या उड्या आणि नृत्य यांच्या नित्य सरावाने घडविले होते.