कॉम्प्युटर नावाचा माणूस

आपण आयटीवाले दिवसभर ज्याच्यापुढे बसतो, त्या यंत्राचं नाव मुळात यंत्राचं नाहीच. ते डेझिग्नेशन आहे. क्लार्क, टायपिस्ट, तसा कॉम्प्युटर!

आधी शब्दाचं कूळ बघू. लॅटिनमध्ये 'पुतारे' म्हणजे झाडाची छाटणी करणं, साफसूफ करणं. त्यावरून हिशोब करणं, विचार करणं. त्याला 'एकत्र' या अर्थाचा 'कॉम' जोडला की झालं 'कॉम्प्युतारे'. हेच क्रियापद फ्रेंचमधून झिजून आलं ते 'काउंट', आणि 'अकाउंट'सुद्धा त्याच घरातलं. हातपाय कापण्याचा 'अँप्युटेट' हाही भाऊबंदच, फक्त तिथे छाटणी शब्दशः उरली... गंमत म्हणजे आपला 'संगणक' अगदी तसाच घडलाय, सम् अधिक गणक. आणि जुन्या संस्कृतात गणक म्हणजे हिशोब करणारा किंवा ज्योतिषी, म्हणजे माणूसच.

इंग्रजीत हा शब्द १६१३ पासून छापील सापडतो. पुढची तीनेकशे वर्षं त्याचा मुख्य अर्थ आकडेमोड करणारा माणूस. ट्युरिंगच्या १९३६ च्या प्रसिद्ध पेपरातही कॉम्प्युटर म्हणजे कागद घेऊन बसलेला माणूस आहे.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा कॉम्प्युटर म्हणजे राधानाथ शिकदार. कोलकात्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले शिकदार १८३१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, जॉर्ज एव्हरेस्टच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कॉम्प्युटर म्हणून लागले आणि पुढे चीफ कॉम्प्युटर झाले. थिओडोलाइटने दुरून घेतलेल्या कोनांमधून उंची काढायची, पृथ्वीची वक्रता आणि हवेत वाकणारा प्रकाश यांची दुरुस्ती करायची, सगळं हाताने! १८५६ मध्ये 'पीक १५' ची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. २०२० च्या मोजणीशी फरक जेमतेम तीस फुटांचा. शिखर शिकदारांनी एकट्याने 'शोधलं' ही गोष्ट जरा फिल्मी आहे, त्यात बऱ्याच जणांचे हात होते. पण १८५१ च्या सर्व्हेइंग मॅन्युअलमध्ये त्यांच्या कामाचे आभार मानलेले होते, आणि त्यांच्या निधनानंतर निघालेल्या १८७५ च्या आवृत्तीतून ते नाव गाळलं गेलं, हे मात्र फिल्मी नाही.

सध्या एआय आपली कामं खाणार म्हणून कँटीनमध्ये चर्चा रंगतात. आमच्या धंद्यात हे एकदा होऊन गेलंय, तेही डेझिग्नेशनसकट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तोफगोळ्यांचे तक्ते बनवायला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुली कॉम्प्युटर म्हणून बसवल्या होत्या. एका गोळ्याचा मार्ग काढायला हाताने तीसेक तास लागत. मग एनिॲक आला, त्याला लागले सुमारे तीस सेकंद. तो चालवायला त्यांच्यातल्याच सहा जणी निवडल्या. मॅन्युअल नाही, भाषा नाही, नुसते सर्किटचे नकाशे बघून त्यांनी वायरी जोडून प्रोग्रॅम बसवला. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. रात्री जंगी जेवण होतं, त्याचं आमंत्रण या सहा जणींना नव्हतं.

एनिॲक या नावातलं शेवटचं अक्षर म्हणजे 'कॉम्प्युटर'.